प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये गाठ २.४ सेमी. आकारावरून पुन्हा होण्याचा धोका कळतो का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही कराडचे. आण्णांचं (वय ६६) प्रोस्टेटचं ऑपरेशन पुण्यात झालं, रोबोटिक. तब्येत चांगली आहे, कॅथेटर निघालं, रोज सकाळ-संध्याकाळ गल्लीत चालतात. आता काढलेल्या ग्रंथीचा मोठा रिपोर्ट हातात आला आणि घरात पुन्हा चलबिचल सुरू झाली. त्यातले आकडे जसेच्या तसे देतो.

प्रोस्टेटचं वजन ३४ ग्रॅम. ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा गुण) ३+४=७, ग्रेड ग्रुप २. सगळ्यात मोठी गाठ २.४ सेमी. दोन्ही बाजू मिळून ग्रंथीच्या साधारण २०% भागात कॅन्सर. ग्रंथीबाहेर पसरलेला नाही. वीर्यकोश मोकळे. सगळी मार्जिन (कापलेल्या कडा) निगेटिव्ह. ११ लसिकाग्रंथी तपासल्या, एकीतही नाही. स्टेज पीटी२ एन०. ऑपरेशनच्या आधी पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ८.४ होता.

ओपीडीत डॉक्टर एवढंच म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे, सहा आठवड्यांनी पीएसए करून या." बाहेर पन्नास पेशंट ताटकळत होते, जास्त विचारायला जमलं नाही. घरी आल्यावर दाजी म्हणाले, दोन सेमीच्या वर म्हणजे मोठी गाठ, त्यांच्या ऑफिसातल्या एका मॅडमच्या ब्रेस्टच्या गाठीला दोनच्या वर गेल्यामुळे स्टेज बदलली होती. ते ऐकल्यापासून आईची झोप उडाली आहे. आण्णा तोंडाने काही बोलत नाहीत, पण रिपोर्टच्या झेरॉक्सवर २.४ या आकड्याखाली त्यांनी निळ्या पेनने दोनदा रेघ ओढलेली मी पाहिली.

आकारावरून परत होईल की नाही हे सांगता येतं का? आणि गाठ मोठी आहे तर आत्ताच रेडिएशन देऊन मोकळं व्हावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

सूक्ष्मदर्शी

कृष्णाकाठ, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरात. असे प्रोस्टेट माझ्या टेबलावर येतात आणि असे रिपोर्ट मी लिहिते, म्हणून तो २.४ कसा तयार होतो तिथूनच सुरुवात करते. ते कळलं की त्या आकड्यावर किती भार टाकायचा हेही कळेल.

ग्रंथी आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डब्यात येते. आतपर्यंत मुरायला एक रात्र तरी द्यावी लागते. मग वजन, मापं आणि त्यानंतर शाई. उजव्या बाजूला एक रंग, डाव्या बाजूला दुसरा. नंतर काचेवर कॅन्सरच्या पेशी त्या शाईला टेकलेल्या दिसल्या तर मार्जिन पॉझिटिव्ह. मध्ये थोडंसं जरी निरोगी ऊतक असलं तर निगेटिव्ह. तुमच्या आण्णांच्या रिपोर्टमध्ये "सगळी मार्जिन निगेटिव्ह" हे तीन शब्द लिहिण्याआधी कोणीतरी त्या रंगाच्या कडेकडेने प्रत्येक स्लाइड फिरवून बघितली आहे. ते तीन शब्द २.४ पेक्षा फार मोलाचे आहेत.

शाई वाळली की वरचं आणि खालचं टोक वेगळं कापतो आणि मधल्या भागाचे तीन-चार मिलिमीटरचे काप करतो. ब्रेस्टची गाठ कापली की डोळ्यांना दिसते, हाताला कडक लागते, तिच्यावर पट्टी ठेवून माप घेता येतं. प्रोस्टेटचा काप हातात घेतला तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. कॅन्सर निरोगी ग्रंथींच्या मधून मधून घुसलेला असतो, भिंतीत ओल पसरावी तसा. त्यात एकाच ग्रंथीत दोन-तीन वेगळे ठिपके असणं अगदी नेहमीचं. मग आम्ही काय करतो? मायक्रोस्कोपखाली जिथे जिथे कॅन्सर दिसेल तिथे स्लाइडवर पेनने टिंब देतो, शेजारशेजारचे तुकडे जुळवतो आणि सर्वांत लांब अंतर मोजतो. टक्केवारी तर बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजानेच देतात. मी २० लिहीन, शेजारची डॉक्टर २५ लिहील, आणि दोघीही बरोबर असू. शिवाय टक्का कशाचा तेही बघा. तेवढाच कॅन्सर ९० ग्रॅमच्या ग्रंथीत असता तर २० चा आकडा १० च्याही खाली आला असता. आण्णांची ग्रंथी ३४ ग्रॅमची, म्हणजे लहानच, म्हणून टक्का मोठा दिसतो.

आता तुमचा खरा प्रश्न. हजारो पेशंट एकत्र घेतले तर मोठा ट्यूमर असलेल्यांना पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे. पण मोठे ट्यूमर बहुधा वरच्या ग्रेडचेही असतात, कवचाबाहेरही पडलेले असतात, मार्जिनलाही लागलेले असतात. या गोष्टी आधीच हिशेबात धरल्या, तर आकाराच्या स्वतःच्या वाट्याला किती उरतं, यावर वाद झाला. स्टॅनफर्डमध्ये स्टेमी आणि मॅकनील यांनी अख्ख्या ग्रंथींचे पातळ काप करून ट्यूमरचा आकार मोजला आणि त्याला फार महत्त्व दिलं. अर्धा सीसी ही जी मर्यादा जुन्या पुस्तकांत दिसते ती तिथलीच. जॉन्स हॉपकिन्सच्या एपस्टाइन यांनी १९९३ मध्ये १८५ पेशंटचा पाच वर्षांचा पाठपुरावा बघून उलट सांगितलं: ग्रेड, बाहेरचा प्रसार आणि मार्जिन माहीत असतील तर आकारमान वेगळी भर घालत नाही. स्टेमी यांच्या गटाने १९९९ मध्ये पुन्हा आकार महत्त्वाचा म्हणून मांडला, पण त्याच अभ्यासात सगळ्यात वरचढ ठरलं ते ट्यूमरमधलं ४ आणि ५ नंबरच्या पॅटर्नचं, म्हणजे ग्लीसनमधल्या जास्त आक्रमक पेशीरचनांचं, प्रमाण. मला स्वतःला हॉपकिन्सची बाजू पटते, आणि पुढे जे नियम झाले ते त्याच बाजूला झुकले.

ते नियम असे. ब्रेस्टमध्ये दोन सेमी ही खरोखर स्टेजची रेघ आहे, तुमचे दाजी त्या बाबतीत बरोबरच बोलले. प्रोस्टेटमध्ये सेंटिमीटरवर स्टेज नाहीच. पूर्वी पीटी२ चे अ, ब, क असे भाग होते: एका बाजूच्या निम्म्यापर्यंत, निम्म्याच्या वर, दोन्ही बाजूंना. स्टेजच्या नियमांच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ते भाग काढूनच टाकले, कारण अ आणि क मधल्या पेशंटचं पुढे काही वेगळं होताना दिसेना. ग्रंथीच्या आत आहे ना, मग पीटी२, गाठ छोटी असो वा मोठी.

ऑपरेशननंतरचा धोका मोजायला सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये कॅप्रा-एस नावाची गुणपत्रिका काढली. त्यात सहा गोष्टी आहेत: ऑपरेशनपूर्वीचा पीएसए, ग्लीसन, मार्जिन, कवचाबाहेर प्रसार, वीर्यकोश, लसिकाग्रंथी. आकार त्यात नाही. एकूण १२ गुण, जितके जास्त तितका धोका जास्त. आण्णांचा हिशेब करू. पीएसए ८.४, म्हणजे ६ ते १० च्या मधला, त्याचा १. ग्लीसन ३+४ चा १. बाकी चारही शून्य. एकूण २. शून्य ते दोन हा कमी धोक्याचा गट. धोका नाही असं मी म्हणत नाही, या गटातल्याही काहींना परत होतो. पण आईंना सांगा की डॉक्टर "रिपोर्ट चांगला आहे" म्हणाले ते धीर देण्यापुरतं नव्हतं.

एक विचारते. गाठ ग्रंथीच्या कोणत्या भागात होती ते लिहिलंय का? पुढच्या, मूत्रनलिकेभोवतीच्या भागातले ट्यूमर कधी कधी बरेच मोठे होतात, पीएसएही चढवतात, आणि तरी मागच्या बाजूच्या ट्यूमरपेक्षा सौम्य वागतात. त्यातही आकार फसवा ठरतो.

नाना_नाशिकरोड

डॉक्टर ताईंनी शास्त्र सांगितलं, मी माझं सांगतो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो, त्यानंतर हे निघालं. माझी गाठ ९ मिलिमीटर. नातेवाईक म्हणाले, नाना, वाटाण्याएवढी पण नाही, सुटलात! पण माझा ग्लीसन होता ४+३ आणि खालच्या टोकाला मार्जिन पॉझिटिव्ह. सर्जननी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की गाठ लहान आहे यावर विसंबू नका, पीएसए चुकवू नका.

सुरुवातीला काहीच येत नव्हतं. मग ०.०४, ०.०९, ०.१६, ०.२४. मी हे एका शाळेच्या वहीत उभ्या रकान्यात लिहायचो: तारीख, लॅब, आकडा. त्या वहीमुळेच डॉक्टरांना किती महिन्यांत दुप्पट होतोय ते लगेच काढता आलं. मधे एकदा गावाकडे असताना तिथल्या लॅबमध्ये केला, तर रिपोर्ट आला "०.१ पेक्षा कमी". आता तो ०.०४ का ०.०९ हे त्यातून कळणार कसं? त्यांचं मशीनच ०.१ च्या खाली मोजत नव्हतं. म्हणून लॅब एकच ठेवा, आणि ती बारीक मोजणारी आहे का ते आधी फोन करून विचारा.

०.२४ ला रेडिएशन सुरू केलं. सहा-सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. जाण्याआधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, मूत्राशय भरलेलं लागतं, नाहीतर टेबलावरून उठवून परत बाहेर बसवतात. आमच्या वेळेला चौघं-पाचजण असायचो, सगळे हातात बाटली घेऊन घड्याळाकडे बघत. त्यातला एक भुसावळचा, त्याची गाठ तीन सेमीच्या वर, पण तो रेडिएशनला प्रोस्टेटसाठी नव्हताच, घशासाठी होता! त्याचा प्रोस्टेट काढून बरीच वर्षं झालेली, पीएसए अजून शून्यावर. तेव्हापासून मी कोणालाच गाठ केवढी होती असं विचारत नाही. माझा पीएसए आता पुन्हा मोजता येणार नाही इतका खाली आहे.

कृष्णाकाठ

ताई, नाना, दोघांचेही मनापासून आभार. कॅप्रा-एसचा हिशेब आईला कागदावर मांडून दाखवला. ती म्हणाली, मग हे आधी का नाही कोणी सांगितलं. गाठ मागच्या बाजूला, उजवीकडे लिहिली आहे.

पण रेडिएशनचं मन अजून मानत नाही. आत्ता देऊन टाकलं तर नंतरची टांगती तलवार तरी नको, असं आम्हा भावंडांना वाटतंय. खर्चाचं बघू कसंही.

किरण_नागपूर

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. आमचाच विभाग तुम्हाला "थांबा" म्हणतोय, हे लक्षात घ्या.

हा प्रश्न तीन मोठ्या चाचण्यांनी तपासला: ब्रिटन, कॅनडा वगैरे देशांतली रॅडिकल्स, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची रेव्ह्ज आणि फ्रान्सची जेटुग १७. तिन्हींचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. एका गटाला ऑपरेशननंतर लगेच रेडिएशन, दुसऱ्याला फक्त पीएसएवर नजर आणि तो चढला तरच रेडिएशन. तिन्ही मिळून दोन हजारांवर पुरुष, आणि त्यातल्या बहुतेकांची मार्जिन पॉझिटिव्ह होती किंवा कॅन्सर कवचाबाहेर गेलेला होता, म्हणजे तुमच्या आण्णांपेक्षा जास्त धोक्याचे. तरीही लगेच दिल्याने कॅन्सर जास्त आटोक्यात राहिला असं दिसलं नाही. नजर ठेवलेल्या गटात तोवर साधारण ४०% लोकांनाच रेडिएशन लागलं होतं. उरलेले विनाकारण मशीनखाली गेले असते. आणि लघवीचे त्रास लगेच दिलेल्या गटात जास्त.

आण्णांचं ऑपरेशन ताजं आहे, लघवीवरचा ताबा अजून परत येतोय. त्यावर आत्ता रेडिएशन दिलं तर तो ताबा मागे पडू शकतो. वीर्यकोशात किंवा लसिकाग्रंथींत असता, ग्रेड ग्रुप ४-५ असता, तर आपण वेगळी चर्चा केली असती. निव्वळ २.४ सेमीवर मी कोणालाही टेबलावर घेणार नाही.

आता काय बघायचं ते. पीएसए रक्तात दोन-तीन दिवसांत निम्मा होतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी तो जवळपास संपलेला हवा. घाईने दोन आठवड्यांत केला तर जुनाच उरलेला मोजला जाईल आणि घरात उगाच रडारड. त्यानंतर साधारण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून एकदा. ०.२ किंवा वर, आणि पुन्हा केल्यावरही तसाच, तर "परत आला" असं धरतात. रेडिएशन ०.५ च्या आत सुरू झालेलं बरं, त्याहून लवकर आणखी चांगलं. नानांनी ०.२४ ला घेतलं ते योग्य वेळी.

आणि पीएसए चढणं म्हणजे लगेच हाडात गेला असं नसतं. हॉपकिन्सच्याच एकूण १,९९७ पुरुषांवरचा अभ्यास १९९९ मध्ये आला. त्यात १५% जणांचा पीएसए ऑपरेशननंतर पुन्हा वाढला, आणि तेव्हा मधे काही उपचार न देताही तो वाढल्यापासून स्कॅनवर पसरलेला दिसेपर्यंतचा मध्य काळ आठ वर्षांचा होता. दुप्पट व्हायला किती वेळ लागतो यावर पुष्कळ अवलंबून: वर्षाहून जास्त लागत असेल आणि ग्लीसन आठच्या खाली असेल तर धोका कमी समजतात. म्हणजे तलवार टांगती असली तरी ती खाली येताना दिसते आणि हात घालायला वेळ मिळतो. तेवढ्यासाठीच तर पीएसए करायचा.

सुनंदा_ठाणे

मी पेशंटची बायको. एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडेही भेटायला येणारा प्रत्येक जण "गाठ केवढी होती?" हेच विचारायचा आणि बोटांच्या चिमटीने दाखवायचा, एवढी? एवढी? ग्लीसन, मार्जिन कोणाला बोटांनी दाखवता येत नाही, म्हणून सगळं बोलणं आकारावर येतं. आमच्या ह्यांना ते ऐकून ऐकून दर वेळी पोटात गोळा यायचा. शेवटी मी दारातच सांगायला लागले, गाठ काढली, रिपोर्ट चांगला आहे, चहा घ्या. आण्णांसमोर ती मापं बंद करा, दाजींनाही समजावून सांगा.

आणि ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. पुरुष मंडळी पोट आवळतात आणि समजतात झाला व्यायाम. पॅडची संख्या कमी होत गेली की माणूस आपोआप मोकळा होतो, हे मी घरात बघितलंय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रेडिएशनचा विषय भावंडांनी मिळून बंद केला. पहिला पीएसए काल आला: ०.०१ पेक्षा कमी. लॅब पुण्याचीच ठेवणार, आणि वही घातली आहे, नाना.

सूक्ष्मदर्शी ताई, तुमच्यामुळे रिपोर्ट पुन्हा सावकाश वाचला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे: पॅटर्न ४ चं प्रमाण १५%, क्रिब्रिफॉर्म रचना आढळली नाही, इंट्राडक्टल कार्सिनोमा आढळला नाही. याचा अर्थ काय?

सूक्ष्मदर्शी

पीएसए वाचून फार बरं वाटलं!

दुसऱ्या पानावरची ती ओळ मी पेशंटच्या जागी असते तर सगळ्यात आधी शोधली असती. ३+४ हे एकच नाव असलं तरी त्यात ५% पॅटर्न ४ असलेले आणि ४५% असलेले दोघेही बसतात, आणि दोघांचं पुढचं सारखं नसतं. १५ म्हणजे खालच्या बाजूला. पॅटर्न ४ मध्येही रचना वेगवेगळ्या असतात. त्यातली क्रिब्रिफॉर्म, म्हणजे पेशींच्या मोठ्या पुंजक्यात भोकं भोकं दिसतात ती, आणि इंट्राडक्टल, म्हणजे ग्रंथीच्या नळ्यांच्या आत वाढलेला कॅन्सर, या दोन्ही जास्त आक्रमक वागतात. काही रिपोर्टमध्ये याबद्दल चकार शब्द नसतो, मग पेशंटने विचारून घ्यावं लागतं. तुमच्या पॅथॉलॉजिस्टने दोन्ही बघून "नाही" असं लिहून दिलंय, काम नीट केलंय.

हॉस्पिटलला अर्ज देऊन स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक किती वर्षं ठेवतात ते विचारा. नष्ट करण्याआधी मागून घेता येतात. पुढे कधी दुसरं मत लागलं तर रिपोर्टच्या कागदापेक्षा ते उपयोगी पडतात. ब्लॉक उन्हात, गाडीत वगैरे ठेवू नका, मेण वितळतं.

आणि तुम्ही भाऊ किती आहात? वडिलांना झाला म्हणजे मुलांना धोका थोडा वाढतो. पंचेचाळिशी आली की प्रत्येकाने स्वतःचा पीएसए एकदा करून डॉक्टरांशी बोला. तुमच्यातल्या थोरल्याचं वय काय?

कृष्णाकाठ

तिघं. थोरले दादा ४७. या आठवड्यातच त्यांना घेऊन जातो.